बारूला सांगितलेलं

कुत्रं माझं होतं. हे आधी लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट निघाली की सगळे म्हणायचे गिरजाचं कुत्रं. पोरं म्हणायची, सुना म्हणायच्या, आणि गिरजा पदरात हसायची. आता हसायला ती नाही, तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो. कुत्रं छावणीतल्या बंगल्यातून मी आणलं, सायकलच्या दांडीवर पोत्यात गुंडाळून, माझ्या हातानं. गिरजालाही मीच आणलं, बिडकीनहून, बैलगाडीतून. दोघं एकाच साली आमच्या घरात आली आणि बघता बघता एकमेकांची झाली. ज्यानं दोघांना आणलं तो म्हशीखाली चरवी धरून बसलेला.

माझं शिक्षण तिसरी, तेही निजामाच्या शाळेत, उर्दूत. मराठी अक्षरं पुढं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, त्यामुळं शुद्धलेखनाचं मला कुणी विचारू नये.

घर पडेगावला, दौलताबादच्या रस्त्याला लागून. म्हशी होत्या, ओढ्याच्या अंगाला थोडं रान होतं, रानात विहीर होती. घरात आबा, माय आणि मी. पहाटेचा आवाज म्हणजे चरवीत पडणाऱ्या धारेचा, आधी कोरडा, पत्र्यावर खडे मारल्यासारखा, आणि चरवी भरत आली की जाड, दबका. मग मायच्या रवीचा. मग रस्त्यानं दौलताबादकडं निघालेल्या टांग्यांच्या घुंगरांचा. सांजच्याला वारा तिकडून असला तर छावणीतला बिगुल ऐकू यायचा. दूध मी छावणीत घालायचो, सायकलला दोन बाजूंनी किटल्या अडकवून. पोलिस ॲक्शन होऊन गेली होती. निजामाच्या पलटणीतल्या साहेबांचे बंगले एकेक करून रिकामे होत होते आणि तिथं नवे साहेब येत होते. जाणारेही दूध प्यायचे आणि येणारेही, त्यामुळं आमचं काही अडलं नाही.

त्यातल्या एका कप्तानाच्या बंगल्यात हे कुत्रं होतं. मांजरापेक्षा थोडं थोर, पांढरं, एका डोळ्यावर तांबडा डाग, शेपूट अर्धं कापलेलं, आणि अंगात असं काही भरलेलं की ते एका जागी उभं राहिलेलं मी कधी बघितलं नाही. मी फाटकाशी आलो की चारी पायांवर सरळ वर उडायचं, चेंडूसारखं, आणि फाटकावरून मला बघायचं. मी निघालो की किटल्यांमागं चर्चच्या कोपऱ्यापर्यंत पळत यायचं. मी पण त्याच्यासाठी झाकणात थोडं दूध ठेवायचो. एक दिवस बंगल्यात पेट्या बांधलेल्या दिसल्या. कप्तानाची बेगम व्हरांड्यात उभी होती. म्हणाली, "ऐ दूधवाले, इसकू ले जाता क्या? हम लोगां जहाज से जारे. कुत्ते कू कौन बैठाता जहाज में."

मी विचारलं, "नाम क्या इसका?"

"बारूद. काइकू रखे सो दो दिन में समझ जाता तू."

एवढं बोलून ती आत गेली. परत बाहेर आली नाही, कुत्र्याकडं बघायला नको म्हणून असेल.

परवा माझ्या नातवानं मोबाइलवर फोटो दाखवला. आमच्या चिकलठाण्याच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं तसलंच एक कुत्रं आणलंय, थंडीत त्याला स्वेटर घालते. नातू म्हणाला, आजोबा, ह्याला टेरिअर म्हणतात, फॉक्स टेरिअर. विलायतेत कोल्ह्यांच्या बिळात घुसायला ही जात पैदा केली. आम्हाला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं, आणि टळलं असतं तर माझंच नुकसान झालं असतं.

पहिल्याच दिवशी नावावरून घोळ झाला. कुत्रं सुटून पाणंदीनं पळालं आणि मी बांधावर उभा राहून हाका मारत होतो. आबा विहिरीकडून धावत आले, हातात मोटेचा दोर तसाच. म्हणाले, "आरं येड्या, मिलिटरी घरोघर हत्यारं हुडकून गेली, आन तू रस्त्याच्या कडंला उभा राहून बारूद बारूद वरडतो? मला तुरुंगात घालतो काय?" तेव्हापासून घरात त्याचं नाव बारू झालं.

बेगम म्हणाली होती दोन दिवसांत समजेल, तेवढेही लागले नाहीत. बंगल्यात नानखलियाचं मटण खाऊन वाढलेलं कुत्रं, दूधभाकरीकडं बघेना. माय म्हणाली, "नवाबाच्या पोटचं आणलंस व्हय रे?" दुसऱ्या दिवशी भुकेनं खाल्लं. तिसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीत घुसून मांजराएवढी घूस ओढून आणली आणि मायच्या पुढ्यात टाकली. मानेला धरून असा झटका द्यायचा की घूस तिथंच संपायची. ज्या घुशींनी आमच्या कणग्या पोखरल्या होत्या त्या पावसाळ्याआधीच गाव सोडून गेल्या. त्यामुळं मायनं त्याला ओसरीवर यायला मुभा दिली, चुलीपाशी नाही. ऐकायचा मात्र तो कुणाचंच नाही. हाक मारली की मान वाकडी करून बघायचा, समजलंय पण पटलं नाही अशा तोंडानं, आणि आपल्या कामाला जायचा. अंगणात सगळीकडं खड्डे. म्हशीच्या शेपटीला लोंबायचा. लाथ बसली की उठून परत लोंबायचा. ज्वारी वाढली तेव्हा तो रानात कुठंय हे फक्त उडाल्यावर कळायचं, कणसांच्या वर एक पांढरं डोकं यायचं आणि जायचं. आणि बिगुल वाजला की सगळं सोडून छावणीकडं तोंड करून उभा राहायचा. तेवढा वेळच काय तो स्थिर.

गिरजा त्यानंतर थोड्या दिवसांनी नांदायला आली. तिचं लग्न रझाकारांच्या धामधुमीत लांबलं होतं, अठरा पूर्ण झालेली, त्या काळी थोराड समजायचे. मी विशीतला. तेव्हाची रीत आताच्या पोरांना सांगितली तर खोटी वाटते. दिवसाउजेडी घरातल्या मोठ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, बायकोनं नवऱ्याशी तर नाहीच. सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, समोरून जायचं नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. काही सांगायचंच असलं तर घरातल्या लहान पोराला मधी घालून सांगायचं, आणि आमच्या घरात लहान पोर नव्हतं. रात्री आमच्या आणि आबांच्या मधी एक तुराट्यांचा कूड, पलीकडं आबा खोकायचे. मी काही विचारलं तर गिरजा "हूं" म्हणायची. त्या "हूं"वरून माणूस काय ओळखणार. माझी बायको माझ्याच घरात होती आणि तिचा आवाज कसा आहे हे मला नीट माहीत नव्हतं.

बारूला माहीत होता. कुत्र्याला वाढायचं काम मायनं तिच्याकडं दिलं होतं, आणि कुत्र्याशी बोलायला कुठली रीत आड येत नव्हती. मी गोठ्यात धार काढत असायचो आणि भिंतीपलीकडं शेण थापताना ती त्याच्याशी बोलायची. आधी हळू, मग भरभरून. बिडकीनला त्यांच्या दारात चिंच आहे. धाकटा भाऊ तोतरा बोलतो, त्याला सगळे हसतात, ती नाही हसत. म्हशींची तिला भीती वाटते, एका म्हशीचा डोळा माणसासारखा आहे. इथल्या पाण्याला चव नाही. आत्याबाई वरून तिखट आहेत पण ताटात तूप बघून वाढतात. हे सगळं मी भिंतीमागं बसून ऐकलं. चरवी भरून वाहायला लागली तरी धार सोडली नाही. भिंतीला कान लावून बसलेला नवरा मी, आणि समोर बसून मान वाकडी करून ऐकणारं ते कुत्रं. मला त्याचा असा राग यायचा की बोलून सोय नाही. तिनं एकदा त्याला विचारलं, "बिगुल वाजला की तिकडं बघतोस. तुझं माहेर हाय व्हय तिकडं? तुला बी कुणी इचारलं नव्हतं का रे, येतो का म्हून?" मला वाटलं उठावं आणि सांगावं, मी विचारतो ना, मला सांग. पण पलीकडं आबा वैरण टाकत होते. मी म्हशीलाच दोन शिव्या दिल्या.

राग नुसता तिच्यापायी नव्हता, त्याच्यापायीही होता. आधी तो माझ्या सायकलीमागं वडाच्या पारापर्यंत यायचा आणि मी परत येईपर्यंत तिथंच बसायचा. आता उंबऱ्यापर्यंत यायचा, मागं वळून तिच्याकडं बघायचा आणि बसायचा. मी बोलावलं तर जांभई द्यायचा. एक म्हैस व्याली तेव्हा मायनं खरवस केला, वेलदोडा घालून, कडेला जरा लालसर झालेला. मला कडेचा तुकडा आवडतो हे अख्ख्या पडेगावला माहीत होतं. मी हात धुऊन येईतो कडेचा तुकडा बारूच्या पोटात. मी ताटाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तो जीभ फिरवत होता. माय म्हणाली, "काय रे, सबूद नरड्यात आडकला का?" मी म्हटलं, "काय नाय." मधलाच तुकडा खाल्ला. चव कळली नाही.

मग मी एक शहाणपणा केला. गुलमंडीवर खवा द्यायला गेलो होतो, तिथून लाल रिबीन आणली, रेशमी, केसाला बांधायची. आता ती द्यायची कशी? हातात देता येत नाही. मायजवळ दिली तर माय आठवडाभर बोलणार. मी ती पाणी तापवायच्या चुलीपाशी, कोनाड्यात ठेवली, गिरजा तिथून काडेपेटी घ्यायची. पण त्या दिवशी काडेपेटी घ्यायला माय गेली.

"हे काय गं गिरजे? कुणाची ही रिबीन?"

गिरजानं बघितलं. मी दारात उभा होतो, किटली पुसत. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, म्हणजे माझ्या हातातल्या किटलीकडं, आणि तिचं तोंड लाल झालं.

"कुत्र्याला आणली आसंल," ती म्हणाली.

"कुत्र्याला? रेशमाची?"

"बंगल्यातलं हाय ना ते. तसल्यास्नी बांधत्यात, आत्याबाई." आणि मायच्या डोळ्यांदेखत तिनं ती रिबीन बारूच्या गळ्यात बांधली, दोन सुटे कान ठेवून, नीट. माय म्हणाली, "बायकू सोडून कुत्र्याला नटवतो, आसला ल्योक दिला देवानं." आबा ओसरीवरून हसले. बारू ती रिबीन घालून दिवसभर गावात फिरला. पाराशी माणसं मला विचारायची, किसन, लगीन कधी केलंस ह्याचं. आता मला दिसतं की तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, नवऱ्यानं चोरून वस्तू आणली हे सासूपुढं कबूल करायची तिची छाती नव्हती. तेव्हा मला फक्त दिसत होतं की माझी रिबीन त्याच्या गळ्यात आहे.

थंडीत मला हिवताप आला. उशाशी माय बसायची, गिरजा पाण्याचा तांब्या उंबऱ्याशी ठेवायची आणि पाठ फिरवायची, रीतच तशी. मी गोधडीत कुडकुडत ऐकायचो, अंगणात ती बारूच्या पायातला काटा काढतीय आणि म्हणतीय, "दुखतंय का रे? झालं, झालं." मला वाटायचं, आपल्याला ताप यायच्या ऐवजी काटा रुतायला पाहिजे होता.

ताप उतरला आणि मी रानात जायला लागलो, त्याच सुमाराची गोष्ट. ओढ्याच्या कडेला आबांनी रताळी लावली होती आणि कुणीतरी वाफा उकरून रताळी खात होतं. आबांना मातीत एक काटा सापडला, काळा-पांढरा, वीतभर. म्हणाले, "साळिंदर हाय. दरडीत बीळ आसंल त्याचं." आम्ही विहिरीवर काम करत होतो. दुपारी गिरजा भाकरी घेऊन आली, बारू पुढं. त्यानं वाफ्याचा वास घेतला, नाक जमिनीला लावून सरळ ओढ्याकडं गेला, आणि करंजाखाली दरडीत एक बीळ होतं त्यात घुसला. शेपटीचं थोटुक आत जाताना मी बघितलं. आधी आतून भुंकण्याचा आवाज येत होता, जमिनीतून, पायाला कळावा असा. मग आणखी आतून. मग बंद झाला.

आम्ही हात धुतले, पण गिरजा भाकरी सोडेना. गाठोडं छातीशी धरून ती दरडीकडं बघत उभी. तिला माझ्याशी बोलता येत नव्हतं, आबांशी तर नाहीच. शेवटी ती दावणीच्या बैलाला म्हणाली, "बारू बिळात गेलाय. लई येळ झाला. आवाज येईना झालाय."

आबा बैलालाच म्हणाले, "कुत्रंच हाय. भूक लागली की येईल म्हणावं."

गिरजानं गाठोडं खाली ठेवलं आणि चालत नाही, पळत गेली. बिळापाशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती ओढायला लागली. डोक्यावरचा पदर पडला. सासऱ्यासमोर सुनेचा पदर पडला आणि तिनं तो उचलला नाही. आबांनी तोंड फिरवलं आणि मला म्हणाले, "जा बाबा, नायतर ती हातं सोलून घेईल."

मी कुदळ घेऊन गेलो. जाताना माझ्या मनात एकच होतं. मी तापानं पडलो होतो तेव्हा उंबऱ्याशी तांब्या, आणि ह्याच्यासाठी पदर पडला तरी भान नाही. मी खणायला लागलो तशी ती बाजूला सरली, पण उठली नाही. बीळ आत वळत होतं. वरची माती भुसभुशीत, खाली मुरूम. मी कंबरेपर्यंत आत गेलो, हातानं चाचपत. साळिंदराचा उग्र वास येत होता. मी रागानं ओरडलो, "ये की भाड्या बाहेर, तुझी मालकीण रडतीय." माझा आवाज आतल्या आत बसला. मी आणखी पुढं सरकलो, एक मूळ आडवं होतं ते कुदळीनं ओढलं, आणि वरची दरड खाली आली.

मातीचं वजन कसं असतं ते अंगावर पडल्याशिवाय कळत नाही. हात हलेना. तोंडात माती, नाकात माती. कुठंच काही नाही, फक्त कानात माझंच रक्त धावतंय. आणि मग पायांच्या बाजूनं, लांबून, एक आवाज.

"किसना. किसना रे. आरं किसना."

मला वाटलं माय आली. माझं नाव असं माय घ्यायची. पण आवाज मायचा नव्हता. तो मी भिंतीमागून ऐकलेला आवाज होता. माझं नाव कसं घ्यायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं ते एकाच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, सकाळ-संध्याकाळ, म्हणून तिनं मायसारखीच हाक मारली. माझा एक पाय आबांनी धरला होता आणि एक तिनं. आमच्या घरात सासरा आणि सून शेजारी उभं राहून कधी एक काम करत नव्हते, त्या दिवशी दोघांनी मिळून मला वासराला ओढतात तसं ओढून काढलं.

मी उताणा पडलो. डोळ्यातली माती ती पदरानं पुसत होती आणि नाव घेतच होती, आता हळू, थांबायचं विसरल्यासारखी. माती थुंकून बोलता येण्याआधी मी बघितलं तर दरडीच्या वर, करंजाच्या पलीकडच्या अंगाला, बारू उभा. तिकडं दुसरं तोंड होतं बिळाला. नाकात, हनुवटीत साळिंदराचे काटे, गळ्यात माझी रिबीन, मातीनं काळी झालेली. तो उड्या मारत खाली आला, तिच्याभोवती फिरला, भुंकला, तिच्या पदराचं टोक ओढलं. तिनं त्याच्याकडं न बघता कोपरानं त्याला बाजूला सारलं. तो परत आला. तिनं परत सारलं. मग तो जरा लांब बसला आणि माझ्याकडं बघायला लागला. ते बघणं मी ओळखलं, इतके महिने मी त्याच्याकडं तसाच बघत होतो. तोंडात माती होती, बोट फाटलं होतं, आणि मला इतकं बरं आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

आबांनी बारूच्या गळ्यातली रिबीन सोडली, ओढ्यात खळबळली आणि माझ्या बोटाला बांधली. म्हणाले, "जिला आणली व्हती तेवढी सोडून सगळ्यांनी वापरली." तेव्हा कुठं गिरजानं पदर घेतला आणि करंजामागं जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर बारूला मी मांडीत दाबून धरला आणि गिरजानं त्याचे काटे काढले, सोनाराकडून आणलेल्या चिमट्यानं. मायसमोर आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. आबांनी जेवताना मायला सगळं सांगितलं, नावाचं सुद्धा. मायनं भाकरी थापता थापता म्हटलं, "आमच्या येळंला नाव घ्यायला उखाणा लागायचा. हिला दरड लागली." माय हसत होती, पण गिरजा हसली नाही. त्या सांजेपासून तिनं माझ्याशी "हूं" म्हणणंही बंद केलं. मला कळेना. मग भिंतीमागून कळलं. ती बारूला सांगत होती, "म्या किती येळा घेतलं रे नाव? मोजलंस का तू? तेवढी वर्सं कमी हुत्याल त्यांची. आता न्हाई घ्यायची. मेले तरी न्हाई." तिनं सोमवार धरले, माझ्या आयुष्यासाठी. माझ्यासमोर बसून, माझ्या आयुष्यासाठी उपाशी, आणि माझ्याशी बोलणं नाही.

पण काहीतरी सैल झालं होतं. थोड्या दिवसांनी, मी ओसरीवर असताना, माय समोर बसलेली असताना, गिरजा बारूला म्हणाली, "बारू, तुझ्या धन्याला म्हणावं कोमट पाणी काढलंय. बोट भिजवू नका म्हणावं." माय तरी बोलणार काय, सून कुत्र्याशी बोलत होती. मी बारूला म्हटलं, "ऐकलं म्हणावं." तिथून सुरू झालं. तुझ्या धन्याला सांग मीठ आणा. तुझ्या धन्याला विचार, सदरा का फाडला. तिला म्हणावं, चहात साखर कमी झाली. पुढं आबा सुद्धा त्यालाच सांगायला लागले, "बारू, सूनबाईला म्हणावं पाव्हणे हायती जेवायला." अख्खं घर त्या कुत्र्यातून बोलायचं. कुणाचं बोलणं चाललंय तिकडं तो मान वळवायचा, कोर्टातल्या मुनसफासारखा.

माझा मत्सर त्यानं गेला का? नाही. मी खोटं कशाला लिहू. बोलणं माझ्यासाठी असायचं, पण नजर त्याच्यावर. "लवकर या म्हणावं" हे ती त्याच्या डोळ्यात बघून म्हणायची, त्याच्या कानामागं खाजवत. माझ्या वाट्याला शब्द आले, बाकीचं सगळं त्याला. आयुष्यभराची लढाई जिंकून हात रिकामे, असं काहीसं ते होतं.

बारू म्हातारा होऊन मेला, गोठ्यामागं पुरला. तोवर पोरं झाली होती, मग ती पोरांच्या तोंडून बोलायला लागली. मग आबा गेले, माय गेली, कुणाचा धाक उरला नाही, तेव्हा ती "अहो" म्हणायला लागली. पडेगाव सोडून आम्ही मुलाकडं चिकलठाण्याला आलो, फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच असायचो दिवसभर, तरी नाव नाही घेतलं. मी कितीदा म्हटलं, एकदा घे, आता काय राहिलंय माझ्या आयुष्याचं कमी व्हायला. ती म्हणायची, "काय बाई बोलणं." नाव घेतल्यानं आयुष्य कमी होतं म्हणतात. तिनं त्या दिवशी दहा-वीसदा घेतलं असेल. माझं काही कमी झालं नाही. तीच गेली.

शेवटी दवाखान्यात ती माणसं ओळखेना. मुलगा कोण, सून कोण, काही नाही. मी उशाशी खुर्चीवर बसायचो, तिचा हात धरून, तर हात काढून घ्यायची, परक्या पुरुषानं धरल्यासारखा. एक दिवस दुपारी डोळे उघडले आणि पायथ्याकडं बघून स्पष्ट म्हणाली, "बारू." नर्स पोरगी सलाइन बघत होती. तिनं मला विचारलं, "आजोबा, बारू कोण? मुलगा का?"

मी म्हटलं, "सवत हाय माझी."

पोरीला काही समजलं नाही. गिरजा पलंगाच्या पायथ्याशी, खाली, जिथं तो बसला असता तिथं बघत होती. म्हणाली, "ते जेवले का बघ. भाकरी वाळून जातीय म्हणावं." मी तिच्या डोक्याशी बसलेलो, हातभर अंतरावर, आणि नजर त्याच्यावर. इतक्या वर्षांनी, मातीत मिळालेल्या कुत्र्यावर. माझ्या छातीत तेच झालं जे भिंतीमागं व्हायचं.

मग मी उठलो. खुर्ची उचलून पलंगाच्या पायथ्याशी, ती बघत होती तिथं नेऊन ठेवली आणि बसलो. नजर माझ्यावर आली. ती जरा वेळ बघत राहिली आणि तोंडावर असं काही आलं जे मी कायम बाजूनं बघितलं होतं, समोरून कधी नाही.

"बारू," ती मला म्हणाली, "जेवले का रे ते?"

"जेवले," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. सुनेनं सकाळी दिलेला डबा खिडकीत तसाच होता. तो मी उघडला.